गाल-हिरडीचा कर्करोग : जनुकनियमन व जीनोम-अभ्यास (बेळगाव सीमाभागाच्या संदर्भात)

गालाची आतली बाजू, हिरडी आणि या दोहोंमधली खाच येथे उद्भवणाऱ्या कर्करोगात पेशींची जनुके कशी बिघडतात, कोणती अवेळी चालू राहतात आणि कोणती कायमची गप्प होतात, याचा अभ्यास. तंबाखूची गोळी तासन्‌तास जिथे धरली जाते, नेमक्या त्याच जागी हा रोग मूळ धरतो. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग बहुधा जिभेवर आढळतो, भारतात त्याची नेहमीची जागा गाल-हिरडीची. तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग असून जगातील अशा रुग्णांपैकी एकतृतीयांशाहून अधिक भारतात आहेत.

बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या मराठी पट्ट्यात हा विषय केवळ वैद्यकाचा राहत नाही. निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी पेठ. आसपासच्या काळ्या जमिनीतले पीक, गावातल्या वखारी, तंबाखू चाळणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायका यांच्यावर इथली कित्येक घरे उभी राहिली. 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी इथेच मोठे आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. ज्या मालाच्या भावासाठी माणसे प्राणांवर उदार झाली, त्याला नुसते ‘व्यसन’ म्हणून मोकळे होणे इथे कोणाला जमत नाही. पुरुष चुना लावून तंबाखू मळतात, बायका भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावतात, तरुण मावा आणि गुटख्याकडे वळतात. महाराष्ट्राने 2012 मध्ये आणि कर्नाटकाने 2013 मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मळून खायची तंबाखू आणि मिश्री मात्र दुकानात राहिलीच.

तंबाखू वाळवताना आणि मुरवताना तिच्यात नायट्रोसामाइन नावाची संयुगे तयार होतात. शरीरात त्यांचे रूपांतर होऊन ती डीएनएला, म्हणजे जनुके ज्या रेणूत लिहिलेली असतात त्याला, चिकटतात आणि पेशी विभागताना त्यातल्या रासायनिक अक्षरांची नक्कल चुकते. सुपारीचा दोष वेगळा. तिच्यामुळे गालाखालचा थर घट्ट होत जातो आणि तोंड पुरते उघडेनासे होते. अशा गालात पुढे कर्करोग होण्याचा धोका बराच वाढतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. ‘मी नुसती सुपारी खातो’ ही सबब तेव्हापासून टिकत नाही.

माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे डीएनएत लिहिलेल्या सगळ्या मजकुराच्या एका प्रतीत, सुमारे 3 अब्ज अक्षरजोड्या आहेत आणि प्रथिने बनवणारी जनुके सुमारे 20,000. या जनुकांचा प्रथिनांसाठी प्रत्यक्ष वाचला जाणारा मजकूर एकूण जीनोमच्या 2 टक्क्यांहूनही कमी भरतो. गालाच्या आणि यकृताच्या पेशींत जीनोम एकच असतो, तरी दोघींची कामे निराळी, कारण चालू असलेली जनुके निराळी. हे चालू-बंद करणे म्हणजे जनुकनियमन. पाळीचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचे काम असेच असते : पाट सगळ्यांचा एक, पण कोणाच्या वावराचे दार केव्हा उघडायचे ते तो ठरवतो. जीवाणूंमध्ये हे कसे चालते ते फ्रान्स्वा जाकॉब आणि जाक मोनो यांनी 1961 मध्ये मांडले. 1965 चे नोबेल पारितोषिक त्यांना आंद्रे लवॉफ यांच्यासह मिळाले. माणसाच्या पेशीत नियमनाचे थर जास्त आहेत. जनुकाच्या तोंडाशी प्रवर्तक, म्हणजे वाचन जिथून सुरू होते तो डीएनएचा भाग, असतो, दूरवर ते वाचन वाढवणारे भाग, म्हणजे वर्धक, असतात आणि त्यांवर बसणारी नियामक प्रथिने असतात. शिवाय एका पेशीतला जवळजवळ 2 मीटर लांबीचा डीएनए हिस्टोन प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. रीळ घट्ट बसले असेल, तर त्यावरचे जनुक वाचताच येत नाही.

हा तपशील आवश्यक आहे, कारण गाल-हिरडीच्या कर्करोगात बिघडलेली जनुके पाहिली की त्यांत नियामकच वारंवार भेटतात. सर्वांत ठळक टीपी53 हे जनुक. त्याचे प्रथिन 1979 मध्ये सापडले. सुरुवातीला ते कर्करोग घडवणारे मानले गेले आणि ते उलट रोग रोखणारे आहे हे 1989 च्या सुमारास स्पष्ट झाले. डीएनएला इजा झाली की हे प्रथिन इतर अनेक जनुके चालू करून पेशीची वाढ थांबवते किंवा तिला मरू देते. ते निकामी झाले की इजा झालेली पेशी बेधडक विभागत राहते. नॉच1 या जनुकाचे प्रकरण आणखी बोलके. त्याच्या प्रथिनाचा आतला तुकडा केंद्रकात जाऊन जनुके चालू करतो. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात नॉच1 अति चालल्याने रोग होतो, तर डोके-मानेच्या कर्करोगांत ते बहुधा बंद पडलेले सापडते. म्हणजे एखादे जनुक वाईट की चांगले, हा प्रश्न पेशी कोणती ते सांगितल्याशिवाय विचारताच येत नाही.

भारतातील महत्त्वाचे काम आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पाच्या भारतीय गटाने केले. त्यात पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमविज्ञान संस्था आणि नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची संशोधन शाखा यांचा सहभाग होता. गटाने 2013 मध्ये 110 रुग्णांच्या गाल-हिरडीच्या गाठींवरील निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्येकाची गाठ आणि रक्त यांतील डीएनए शेजारी ठेवून, रक्तात नसलेले पण गाठीत असलेले बदल वेचले गेले. टीपी53, एफएटी1, सीएएसपी8, एचआरएएस, नॉच1 ही ओळखीची नावे त्यात होतीच. नवी पाच निघाली : यूएसपी9एक्स, एमएलएल4, एआरआयडी2, यूएनसी13सी आणि टीआरपीएम3. यांपैकी एमएलएल4 हे हिस्टोनवर मिथिल गट, म्हणजे एक छोटी रासायनिक खूण, चढवणारे विकर बनवते आणि एआरआयडी2 हे रिळे सरकवणाऱ्या प्रथिनसंचाचा भाग आहे. प्रस्तुत लेखकाला या संशोधनातला सर्वांत मोलाचा धागा हाच वाटतो : तंबाखू एखादे जनुक नुसते मोडत नाही, ती जनुकांची दारे सांभाळणाऱ्यांनाही मोडते.

काही वेळा जनुकाचा मजकूर शाबूत असूनही ते गप्प होते. पी16 हे पेशीची वाढ रोखणारे प्रथिन. त्याच्या जनुकाच्या प्रवर्तकावर मिथिल गट साचले की जनुक बंद पडते. असे मिथिलीकरण गालावरच्या पांढऱ्या चट्ट्यातही, म्हणजे कर्करोग होण्याआधीही, सापडू शकते. उलट टर्ट या जनुकाच्या प्रवर्तकात एकच अक्षर बदलले, तर पेशीला अमर्याद विभागण्याची मुभा देणारे विकर चालू होऊ शकते. हा बदल 2013 मध्ये प्रथम त्वचेच्या कर्करोगात नोंदला गेला आणि नंतर जिभेच्या कर्करोगातही आढळला. तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाठींत अक्षर-बदलांचा एक ठरावीक नमुना दिसतो आणि कर्करोगांतल्या अशा नमुन्यांच्या जागतिक यादीत त्याला 29 हा क्रमांक आहे. धूम्रपानाचा नमुना त्याहून वेगळा, चौथ्या क्रमांकाचा.

सीमाभागात हमखास ऐकू येणारा युक्तिवाद असा : ‘आमच्या आज्यानं जन्मभर तंबाखू खाल्ली, त्याला काय बी झालं नाही.’ आजोबांचे खरे असेल. बदल कोणत्या अक्षरावर पडेल हा योगाचा भाग असतो आणि गाठ होण्यासाठी एकाच पेशीवंशात असे अनेक बदल जमावे लागतात. बहुतेकांत ते जमत नाहीत. सवय जितकी जुनी आणि दिवसातल्या गोळ्या जितक्या जास्त, तितकी ते जमण्याची शक्यता वाढते. नातेवाइकांची दुसरी धास्ती, ‘हे आता पोराबाळांत उतरणार का?’, बहुतांशी निराधार आहे. वर सांगितलेले बदल गालाच्या पेशीत आयुष्यात घडलेले असतात, ते संततीत जात नाहीत. घरात उतरते ती बहुधा तंबाखूची चंची.

उपचारांत या ज्ञानाचा वाटा अजून तोकडा आहे. टीपी53 दुरुस्त करणारे सर्वमान्य औषध नाही. मिथिल गट उतरवणारे अझासिटिडीन 2004 पासून अमेरिकेत अस्थिमज्जेच्या एका विकारासाठी मान्य आहे, गालाच्या गाठीसाठी नाही. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि रसायनोपचाराची नेहमीची औषधे हेच आजही मुख्य उपाय. निदानही गालाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच होते, जीनोम वाचून नव्हे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ 1996 पासून चाललेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी नुसते तोंड तपासल्याने तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांतील या रोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने घटले. या निष्कर्षाशेजारी ठेवल्यास महागड्या जनुक-चाचण्यांची जाहिरात जरा उथळच वाटते.

तरीही इथले नमुने अभ्यासात यायला हवेत. 2006 मध्ये सुरू झालेल्या अमेरिकी कर्करोग जीनोम नकाशा या प्रकल्पाने 33 प्रकारच्या कर्करोगांच्या गाठी वाचल्या, पण त्यातले बहुतेक रुग्ण अमेरिकेतले. मिश्री, मावा आणि चुन्याच्या गोळीचा गाल तिथे शोधून सापडणार नाही. सीमाभागातला रुग्ण बेळगाव, मिरज, कोल्हापूर, हुबळी किंवा थेट मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातो. गाठीचा नमुना संशोधनासाठी घेताना संमती रुग्णाला समजणाऱ्या भाषेत घ्यावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. निपाणीच्या विडी कामगार बाईपुढे इंग्रजी किंवा कन्नड कागद ठेवून अंगठा घेतला, तर ती अट पुरी होत नाही. नमुना किती वर्षे ठेवणार, त्यातून कळलेले कोणाला सांगणार, आणि नंतर तिला नको वाटले तर तो परत काढून घेता येईल का, हे तिला मराठीत सांगावे लागते.