आमचे माधवराव असे नव्हते

पेशवाईवरची नवी मालिका जाहीर झाली, की पहिल्या झलकेपासून एक वाक्य ठरलेलं असतं: ‘आमचे माधवराव असे नव्हते.’ म्हणजे थोरले माधवराव पेशवे. मग पगडी चुकलेली असते, त्यांच्या पत्नी रमाबाई फार थोराड दिसत असतात, नाहीतर फारच लहान. असं म्हणणाऱ्यांपैकी पेशवे दप्तरातला एखादा कागद पाहिलेले किती? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांनी पाहिलेली असते ती चारेकशे पानांची एक कादंबरी, रणजित देसाईंची ‘स्वामी’, आणि तीही सोळा-सतराव्या वर्षी. म्हणजे माधवरावांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, साधारण त्याच वयात. पुस्तक त्या वयात वाचलं, की ते साठीपर्यंत सोबत राहतं. मालिकेला तोंड द्यावं लागतं ते त्या साठीतल्या सोळा वर्षांच्या वाचकाला.

ही ओढ कादंबरीने निर्माण केली असं मात्र नाही. १८६१ साली थोरल्या माधवरावांवर मराठीत नाटक छापलं गेलं आणि त्याचाही शेवट थेऊरलाच, म्हणजे ते गेले त्या गावीच, होतो. त्याच्या कितीतरी आधी ग्रँट डफने लिहून ठेवलं होतं, की या पेशव्याचा अकाली मृत्यू मराठी राज्याला पानिपताहून कमी घातक ठरला नाही. ब्रिटिश इतिहासकाराने दिलेलं हे प्रशस्तिपत्र शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या झिरपलं. १८७१ मध्ये मराठीत पहिली ऐतिहासिक कादंबरी आली, शतकाच्या शेवटी साप्ताहिकातून क्रमशः येणाऱ्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची लोक वाट पाहू लागले, आणि १९४४ साली प्रभातच्या पडद्यावर माधवरावांचे न्यायाधीश रामशास्त्री उभे राहिले. एवढी जमीन नांगरून तयार होती.

१९६२ साली ‘स्वामी’ आली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढच्या दहा वर्षांत कर्ण, शिवाजीमहाराज, पहिले बाजीराव असे एकामागून एक मोठे विषय मोठ्या कादंबऱ्यांत आले. सार्वजनिक वाचनालयांना हा काळ फळला. आमच्या वाचनालयातली ‘स्वामी’ची जुनी प्रत उभी धरून हात सैल केला, की आपोआप शेवटच्या साठ-सत्तर पानांवर उघडायची. सुरुवातीची पानं बऱ्यापैकी कोरी करकरीत, आणि थेऊरच्या पानांच्या कडा हाताळून मऊ पडलेल्या. वाचक कुठे थांबत होते, हे ती बांधणीच सांगत होती.

इथेच सगळ्या पुढच्या भांडणाचं बी आहे. माधवरावांच्या अकरा वर्षांच्या कारकिर्दीबद्दल कागद उदंड आहेत: आळेगावची माघार, १७६३ची राक्षसभुवनची लढाई, हैदर अलीवरच्या मोहिमा, १७६८ साली धोडपला काका रघुनाथरावांचा पाडाव, डोईवरचं कर्ज आणि ते फेडण्याची धडपड. रमाबाईंबद्दल मात्र कागद हात आखडता घेतात. त्या होत्या, नवऱ्याच्या आजारपणात थेऊरला होत्या, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी ते गेल्यावर सती गेल्या. त्या दोघांमध्ये बोलणं काय व्हायचं, रुसवे कशावरून, समजूत कोण काढायचं, हे कादंबरीकाराने दिलं. आणि वाचकाने उराशी धरलं ते नेमकं तेच. टीकाकारांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं, इतिहासाला प्रेमकथेचा साज चढवला म्हणून. वाचकांवर त्याचा ढिम्म परिणाम झाला नाही, आणि माझ्या मते त्यात त्यांचं काही चुकलं नाही. कादंबरीकाराने रिकाम्या जागी लिहिलं होतं, लिहिलेलं खोडलं नव्हतं.

मग दूरदर्शन आलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, १९८२ साली रंग आले, आणि ऐंशीच्या दशकात ‘स्वामी’ मालिका होऊन घराघरांत पोचली. हा काळ मला सगळ्यात जवळचा, म्हणून थोडं रेंगाळतो. वाहिनी एकच. आठवड्यातून एक भाग. वीज गेली तर तो भाग गेला; पुन्हा बघायची सोय नाही. शेजारच्या घरी टीव्ही असेल तर चपला दाराशी काढून सतरंजीवर बसायचं आणि कोणी ‘आता काय होणार ते मला माहितीये’ म्हणाला, की चारी बाजूंनी ‘शू!’ व्हायचं. खरं तर काय होणार ते सगळ्यांनाच माहीत होतं.

दिग्दर्शनाची धुरा होती ज्येष्ठ नटाकडे, ज्यांनी प्रभातच्या चित्रपटात स्वतः रामशास्त्री रंगवले होते. चाळीस वर्षांनी तोच काळ, तोच वाडा, तीच माणसं. रमाबाईंच्या भूमिकेत शाळा-कॉलेजच्या उंबरठ्यावरची एक मुलगी होती, आणि तिचा चेहरा असा काही बसला की कादंबरी पुन्हा वाचायला घेतली तरी तोच समोर येऊ लागला.

तेव्हाच्या दूरदर्शनवर लढाया दाखवणं परवडायचं नाही. राक्षसभुवनासारखी लढाई पडद्यावर यायची ती धुळीने माखलेल्या जासुदाच्या रूपात. तो मुजरा करायचा, धापा टाकत दोन वाक्यांत विजय सांगायचा, की कॅमेरा पुन्हा दिवाणखान्यात. ही गरिबी कादंबरीच्या पथ्यावर पडली. पैसा नव्हता म्हणून माणसं बोलत बसायची, आणि वाचकाला हवं होतं तेही बोलणंच. तक्रारी तेव्हाही होत्या. वर्तमानपत्रांच्या पत्रव्यवहाराच्या सदरात शब्दांवरून, दागिन्यांवरून, गाळलेल्या प्रसंगांवरून लोक लिहायचे. पण पोस्टकार्ड विकत आणायचं, शाई वाळू द्यायची, पेटीत टाकायचं, एवढ्यात निम्मा राग निवायचा. उरलेल्यातला निम्मा संपादक कापायचे.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याने सगळा गुंता केला: ‘आधारित’.

श्रेयनामावलीत ‘अमुक कादंबरीवर आधारित’ असं येतं तेव्हा त्याचे निदान तीन अर्थ एकाच वेळी वावरत असतात. निर्मात्याच्या लेखी तो व्यवहार आहे: हक्क रीतसर घेतले, मानधन दिलं. वाचकाच्या लेखी ते वचन आहे: माझ्या आवडीचा प्रसंग तसाच येईल, संवादाला कात्री लागणार नाही. आणि ज्याने कादंबरी वाचलीच नाही, त्याच्या लेखी ‘आधारित’ म्हणजे ‘खरं’, कारण आधार आहे ना! हे तिन्ही अर्थ एकमेकांच्या पायात पाय घालतात. मराठीत ‘रूपांतर’ आहे, ‘माध्यमांतर’ आहे, ‘स्वैर’ हा प्रामाणिक शब्दही आहे. पण जाहिरातीत वजन ‘आधारित’लाच. अलीकडे ‘प्रेरित’ शिरला आहे. तो बहुधा वकिलाला विचारून निवडलेला असतो, असा माझा संशय आहे.

या शब्दाची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ती मराठीत नाही, हिंदीत. टिपू सुलतानावरची इंग्रजी कादंबरी १९७६ची. तिच्यावरची मालिका १९९० साली राष्ट्रीय प्रसारणावर आली. टिपूची बाजू उजळ दाखवली म्हणून, विशेषतः केरळातून, जोरदार विरोध झाला, प्रकरण न्यायालयांत गेलं. त्यातून तोडगा निघाला तो सूचनेचा. मालिका एका कादंबरीवर बेतलेली आहे, ती काल्पनिक आहे, तिला खरा इतिहास समजू नये, अशा आशयाची ती पाटी. विनोद असा, की जाहिरातीत ‘कादंबरीवर आधारित’ हे अस्सलपणाचं लेबल होतं आणि वादात तेच शब्द अस्सल नसल्याची कबुली ठरले. त्या एका पाटीने कादंबरीकाराच्या अभ्यासाचं काय झालं, प्रेक्षकाच्या श्रद्धेचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. त्याआधी १९८८ साली फाळणीवरच्या कादंबरीची मालिका अडवायचा प्रयत्न झाला होता. तेव्हा उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी ती स्वतः बघितली आणि दाखवायला हरकत नाही म्हणाले. सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. तिथे कोणाला पाटीची पळवाट लागली नाही. मला विचाराल तर दोन्हींत हा मार्ग बरा होता. बघा आणि मग ठरवा.

पण रूढ झाली ती पाटीच. आज कुठल्याही ऐतिहासिक मालिकेच्या सुरुवातीला बारीक अक्षरांचा जो मजकूर सर्रकन निघून जातो, त्याचं कुळ हेच. ‘कोणाच्याही भावना दुखावण्याचा हेतू नाही’ हे वाचून आजवर कोणाच्या भावना दुखायच्या थांबल्याचं ऐकिवात नाही. शिवाय कादंबरीचा चाहता त्या पाटीने दुप्पट चिडतो. इतिहासाशी इमान नाही हे तर निर्माता स्वतःच कबूल करतो, आणि कादंबरीशी इमान राखलं असंही छातीठोकपणे म्हणत नाही. मग आहे तरी कोणाशी?

खासगी वाहिन्या आल्यावर हिशेबच पालटला. तेरा भागांच्या पटीत विचार करणारी मालिका रोजची झाली. रोज वीस-बावीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, वर्षाला तीनशेच्या आसपास भाग. चारशे पानांची कादंबरी या हिशेबात दीड-दोन महिन्यांत फस्त होते. पुढचं कुठून आणायचं? स्वयंपाकघरातून. मुदपाकखान्यातली कारस्थानं, दाराआडून ऐकणाऱ्या दासी, एका वाक्यानंतर पाच चेहऱ्यांवर फिरणारा कॅमेरा. चाहत्यांची ‘सासू-सून करून टाकली’ ही तक्रार खरी आहे, पण तिचं मूळ लेखकाच्या वाह्यातपणापेक्षा या गुणाकारात आहे. २०१९ साली छोट्या रमेपासून सुरू झालेली ‘स्वामिनी’ ही मालिका याचं ठळक उदाहरण. तिच्या नावातच कादंबरीची सावली होती, त्यामुळे तुलना टळणार नव्हती. त्यात माधवरावांच्या आईला, गोपिकाबाईंना, केंद्रस्थानी आणणं मला व्यक्तिशः पटलं. मुलाशी बिनसून नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिलेली ही बाई एका कादंबरीत मावणारी नव्हतीच. पण कादंबरीप्रेमींना वाटलं, घराचा दिवाणखाना राखला आणि देवघर पाडलं.

दरम्यान आणखी एक गंमत झाली. २०१४ साली याच जोडप्यावर चित्रपट आला. तो दिग्दर्शित केला जुन्या मालिकेतल्या रमाबाईंनी, आणि स्वतः त्या गोपिकाबाई झाल्या. सुनेची सासू झाली. प्रेक्षकांतल्या मोठ्या गटाने नव्या रमेची तुलना केली ती कादंबरीशी नव्हे, जुन्या मालिकेशी. म्हणजे पुस्तकाच्या मापाने जिला मोजलं होतं तीच मालिका आता माप झाली होती. जुन्या मालिकेवर तेव्हा पत्रं लिहिणारेही आता ‘ते दिवस गेले’ म्हणू लागले, हे मी घरातच ऐकलं आहे.

२०१५ पासून वादाचं मैदान मोठ्या पडद्याकडे सरकलं. बाजीरावांवरच्या कादंबरीचा चित्रपट झाला तेव्हा काशीबाई आणि मस्तानी एकत्र पिंगा घालतात यावर दोन्ही घराण्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. वंशज हा घटक या भांडणात नवा नव्हता, पण तो कादंबरीच्या चाहत्याला मागे ढकलून पुढे आला. २०२५च्या जानेवारीत संभाजीमहाराजांवरच्या कादंबरीवरून केलेल्या चित्रपटाच्या झलकेत लेझीम दिसली आणि प्रदर्शनाआधी ते दृश्य कापलं गेलं. पुढे आपल्या पूर्वजांना फितूर दाखवलं म्हणून शिर्के घराण्याकडून आक्षेप आला. त्यावर दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली आणि खुलासा केला, की आपण नुसती गणोजी-कान्होजी ही नावं घेतली, आडनाव घेतलं नाही आणि गावही दाखवलं नाही. आडनाव न घेता ऐतिहासिक चित्रपट! चाहत्यांमध्येही दुफळी पडली. एक बाजू म्हणाली, कादंबरीत आहे तेच दाखवलं, मग हरकत कसली? दुसरी म्हणाली, कादंबरीत असलं म्हणून काय झालं? साठ वर्षं जे पुस्तकाचा कैवार घेत होते तेच आता पुस्तकापेक्षा कागद मोठा म्हणू लागले.

मागच्या हिवाळ्यात थेऊरला गेलो होतो. चिंतामणीचं दर्शन घेऊन बरेच जण परस्पर परततात. नदीकाठी रमाबाईंच्या वृंदावनापाशी येणारे मोजकेच. तिथे एक आजी नातीला सगळी गोष्ट सांगत होत्या: आजारपण, काकांची समजूत, शेवटचा दिवस. नातीने विचारलं, “तुला कसं माहीत?” आजींनी कादंबरीचं नाव घेतलं नाही, बखरीचं तर नाहीच. मालिकेतल्या त्या मुलीचं नाव घेतलं, आणि म्हणाल्या, “ती इथेच बसली होती.”