एका नंबरची दोन यंत्रे : बेळगाव भागातील घरगुती इंटरनेटवर आयपी पत्त्यांच्या टकरीची पार्श्वभूमी

पावसाळ्यात खानापूरकडच्या गावांत वीज जाऊन तासाभराने परत आली, की राउटर मिनिटा-दोन मिनिटांत सुरू होतो, सीसीटीव्हीचे चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआर, मात्र सावकाश उठतो. नेमक्या त्या वेळेत घरी आलेल्या पाहुण्याने आपला मोबाईल वायफायला जोडला, तर राउटर त्याला डीव्हीआरचाच आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचे यंत्र ओळखण्याचा क्रमांक, देऊन बसण्याची शक्यता असते. कारण बसवणाऱ्याने तो पत्ता डीव्हीआरमध्ये हाताने भरलेला असतो आणि राउटरच्या नोंदीत त्याचा मागमूस नसतो. पुढे कॅमेऱ्यांचे चित्र अडखळू लागते, मोबाईलवरचे नेट ये-जा करते आणि घरातले लोक पुरवठादाराला फोन लावतात. वास्तविक बिघाड घराच्या चार भिंतींच्या आतला असतो, म्हणजे तक्रारीचाच पत्ता चुकलेला असतो.

पत्ता हाताने भरण्याची ही सवय या भागाला केबलच्या इंटरनेटने लावली. सरकारी दूरध्वनी कंपनीचे ब्रॉडबँड देशात जानेवारी २००५ मध्ये आले, पण शहापूर, वडगाव, अनगोळ यांसारख्या दाट वस्त्यांतील बऱ्याच घरांना त्या दशकात नेट मिळाले ते टीव्हीच्या केबलवाल्याकडून. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर निळी किंवा करडी लॅन वायर टाकलेली असे, मध्ये कुठे तरी प्लास्टिकच्या डब्यात आठ वायरी एकत्र जोडणारा स्विच असे आणि अख्खी गल्ली एकाच जाळ्यावर बसलेली असे. जोडणीला आलेला मुलगा पावतीच्या मागे आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस हे चार आकडे लिहून देत असे. ती पावती सांभाळणे हे घरातल्या थोरल्या मुलाचे काम.

संगणक फॉरमॅट केला आणि पावती सापडली नाही, की शेजाऱ्याकडे विचारणा होई. शेजारी आपलाच आकडा सांगे, तो तसाच भरला जाई आणि पुढच्या क्षणी दोन्ही घरांच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण उमटे. केबलवाल्यांनी त्यावर काढलेला तोडगा म्हणजे मॅक बाइंडिंग, म्हणजे नेटवर्क कार्डचा कारखान्यात दिलेला क्रमांक आणि आयपी पत्ता यांची गाठ मारून ठेवणे. त्याने पैसे न भरता नेट वापरणारे थांबले, टकरी मात्र पुरत्या थांबल्या नाहीत, कारण ती गाठ केबलवाल्याच्या सर्व्हरवर होती आणि टक्कर गल्लीतल्या स्विचवर होत असे. पुढे कोणी हौसेने वायफाय राउटर आणून केबलची वायर वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) खाचेत घालण्याऐवजी लॅनच्या (घरातल्या यंत्रांच्या) खाचेत घातली, की तो राउटर आपल्या मालकाला सोडून अख्ख्या गल्लीला पत्ते वाटू लागे. असा राउटर शोधायला घरोघरी जाऊन वायरी काढून पाहण्यावाचून इलाज नसे.

पत्ता दोघांना एकच मिळू शकतो याचे मूळ बरेच जुने आहे. आयपी पत्त्यांच्या पद्धतीची आजही वापरात असलेली चौथी आवृत्ती सप्टेंबर १९८१ मध्ये ठरली. तिच्यात पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. कोणता पत्ता कोणत्या यंत्राकडे आहे हे जाळ्यावर विचारण्याची एआरपी ही पद्धत नोव्हेंबर १९८२ ची. "अमुक पत्ता कोणाचा?" अशी हाक सर्वांना जाते आणि जो "माझा" म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवला जातो, खातरजमा करण्याची सोय त्या पद्धतीत नाही. दोघे "माझा" म्हणाले तर सहसा शेवटचे उत्तर ग्राह्य धरले जाते, म्हणून टक्कर झालेले नेट पूर्ण बंद न पडता कधी चालते आणि कधी नाही, आणि हेच निदानाला सर्वांत नडते.

या इतिहासातील खरा वादाचा निर्णय १९९४ ते १९९६ या काळातला आहे. ४२९ कोटी पत्ते पुरणार नाहीत हे तोवर दिसू लागले होते. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजमालेतील मार्च १९९४ च्या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट बाजूला काढले : १० ने सुरू होणारे सुमारे १ कोटी ६८ लाख, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे सुमारे साडेदहा लाख आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६. हे पत्ते कोणीही, कोणालाही न विचारता आपल्या आवारात वापरावेत. बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना अर्थ नाही. बेळगावचा एसटीडी कोड ०८३१ देशात एकच आहे, पण इंटरकॉमवरचा २१ नंबर या पट्ट्यातल्या कोणत्याही साखर कारखान्यात असू शकतो, तसाच हा प्रकार. जुलै १९९४ मध्येच याला लेखी हरकत घेतली गेली. पत्ता जगात एकमेव असणे हाच इंटरनेटचा पाया आहे, तो पुरेशा जाहीर चर्चेविना सोडला जात आहे आणि उद्या दोन जाळी एकत्र आली की पत्ते एकमेकांवर आदळतील, असा तिचा सूर होता. फेब्रुवारी १९९६ मध्ये सुधारित दस्तऐवज आला तेव्हा हरकत घेणाऱ्यांपैकी एक जण त्याच्या लेखकांत होता, पण तीन गट मात्र तसेच राहिले.

त्या सुधारित दस्तऐवजात एक शहाणपणाची शिफारस होती : या राखीव पत्त्यांतून आपला तुकडा निवडताना तो चिठ्ठी टाकल्यासारखा, कोणताही क्रम न धरता निवडावा, म्हणजे पुढे दुसऱ्या जाळ्याशी गाठ पडली तरी टकरीची शक्यता कमी राहील. घरगुती राउटर बनवणाऱ्यांनी नेमके उलटे केले. बहुतेकांनी १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ हाच पत्ता कारखान्यात भरून पाठवला. पत्त्यांचा तुटवडा पाहता तीन गट काढण्यावाचून गत्यंतर नव्हते, हे मान्य करावे लागते. हरकतदारांचे भाकीत खरे ठरवण्याचे काम मात्र या आळसाने केले, असे माझे मत आहे.

त्याचा प्रत्यय फायबर आल्यावर आला. पुरवठादाराचा फायबरचा डबा आणि घरातला जुना राउटर हे दोघेही १९२.१६८.१.१ असतात आणि दोघेही पत्ते वाटायला बसतात. २०२० च्या टाळेबंदीत मुलांची शाळा आणि मोठ्यांचे काम घरात आले, तेव्हा वरच्या मजल्यापर्यंत वायफाय पोहोचावे म्हणून जुने राउटर अडगळीतून बाहेर काढून असेच जोडले गेले. अशा वेळी जुन्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करणे, त्याची पत्ते वाटण्याची डीएचसीपी सेवा बंद करणे आणि वायर त्याच्या लॅनच्या खाचेतच ठेवणे एवढे सहसा पुरते. केबलच्या काळात जी खाच गल्लीला भोवत होती, तीच येथे योग्य ठरते.

"स्टॅटिक आयपी" या शब्दानेही घोळ वाढवला आहे. पुरवठादार मासिक किंवा वार्षिक रक्कम घेऊन देतो तो बाहेरचा, जगात एकमेव असा पत्ता. डीव्हीआरमध्ये किंवा प्रिंटरमध्ये भरला जातो तो आतला. कॅमेरे बसवणारा दुसऱ्याविषयी बोलत असतो आणि ग्राहक पहिल्याचे पैसे भरून येतो. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ते १००.१२७ हा आणखी एक गट पुरवठादारांच्या वापरासाठी राखला गेल्यापासून अनेक घरांच्या राउटरला बाहेरच्या बाजूलाही खऱ्या अर्थाने सार्वजनिक पत्ता मिळत नाही, त्यामुळे या शब्दाचा अर्थ लावणे अधिकच कठीण झाले आहे.

नवा पत्ता वापरण्याआधी यंत्राने तो दुसऱ्या कोणाकडे आहे का हे विचारून घ्यावे, अशी सविस्तर पद्धत जुलै २००८ मध्ये लिहिली गेली आणि मोबाईल, संगणक त्या धर्तीवर तपासणी करतात. पण वीज नुकतीच आली असताना अर्धवट जागा झालेला डीव्हीआर त्या विचारणेला उत्तर देत नाही. म्हणून अलीकडे निपाणी-चिकोडीकडचे काही कॅमेरेवाले राउटरची वाटप-यादी (पत्त्यातील शेवटच्या आकड्याची) १९९ ला थांबवतात, डीव्हीआरला २०० च्या पुढचा आकडा देतात आणि तो डीव्हीआरच्या पाठीवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहून ठेवतात.