कासा व्हेर्दी, मिलान

कासा व्हेर्दी हे इटलीतल्या मिलान शहरात पियाझ्झा बुओनारोती या चौकातलं म्हाताऱ्या गायक-वादकांचं घर. ऑफिशियल नाव 'कासा दि रिपोझो पेर मुझिचिस्ती', म्हणजे संगीतकारांचं विसाव्याचं घर, पण सगळे कासा व्हेर्दीच म्हणतात. 'ला त्राव्हियाता', 'आयदा', 'ओतेल्लो' या ऑपेरांचा कंपोजर ज्युझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) याने ते स्वतःच्या पैशाने बांधलं. १० ऑक्टोबर १९०२ ला, त्याच्या वाढदिवशी, पहिले ९ जण राहायला आले आणि तेव्हापासून हे घर चालू आहे.

असं घर का लागलं हे कळायला ऑपेरा गायकाचं करियर कसं असतं ते आधी बघायला हवं. ऑपेरात माईक नसतो. साठ-सत्तर वाद्यांचा ऑर्केस्ट्रा समोर वाजत असताना तो आवाज ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत गळा पोचवायचा, तेही दोन-तीन तास, अंगावर जड पोशाख घालून. सगळी कमाई एका गळ्यावर, आणि गळा हा शरीराचाच भाग, त्यामुळे आजारपण, बाळंतपण, वय सगळं त्यात ऐकू येतं. वय वाढलं की श्वास कमी पडतो, वरचे सूर हलायला लागतात. १९व्या शतकातल्या इटलीत गायकाला काम सीझनपुरतं मिळायचं, थिएटर चालवणारा इम्प्रेसारिओ करार करायचा, सीझन संपला की पुढच्या गावाचं बघायचं, पेन्शन वगैरे नाव नाही. मोठ्या हिरॉइनला भरपूर पैसे मिळायचे हे खरं, पण ऑपेरा फक्त तिच्यावर उभा नसतो ना, कोरसवाले असतात, ऑर्केस्ट्रातले वादक असतात, आणि कॉम्प्रिमारिओ म्हणतात ते लोक असतात, म्हणजे दासी, निरोप्या, डॉक्टर, नोटरी अशा छोट्या भूमिका आयुष्यभर गाणारे. त्यांच्याकडे शिल्लक ती काय पडणार.

व्हेर्दीने हे कुठे लांबून बघितलं नव्हतं, त्याच्या घरातच होतं. त्याची बायको ज्युझेप्पिना स्त्रेप्पोनी (१८१५–१८९७) ही तिच्या तरुणपणातली नावाजलेली सोप्रानो, म्हणजे बायकांमधल्या सगळ्यात उंच आवाजाची गायिका. वडील लवकर गेले, आई आणि भावंडांचा भार तिच्यावर, म्हणून ती एकामागून एक सीझन घेत गेली, मध्ये बाळंतपणं झाली तरी विश्रांती नाही. ९ मार्च १८४२ ला मिलानच्या ला स्काला थिएटरमध्ये व्हेर्दीच्या 'नाबुक्को' ऑपेराचा पहिला प्रयोग झाला, ज्याने व्हेर्दीचं नाव झालं, त्यात अबिगाइल्ले ही अत्यंत अवघड भूमिका तिने गायली, आणि तेव्हाच तिचा आवाज थकलेला होता. वय २६. काही वर्षांतच तिने स्टेज सोडलं आणि पॅरिसला जाऊन गाणं शिकवायला लागली. मला वाटतं या घराची गोष्ट खरी इथून सुरू होते, जरी कागदोपत्री ती बरीच पुढे सुरू होत असली तरी.

कागदोपत्री असं की १८८९ मध्ये व्हेर्दीने जागा घेतली, तेव्हा तो भाग शहराबाहेर होता, आता तिथे मेट्रोचं स्टेशन आहे. आर्किटेक्ट होता कामिल्लो बोइतो, 'ओतेल्लो' आणि 'फाल्स्ताफ'चे शब्द लिहिणाऱ्या आर्रिगो बोइतोचा भाऊ. इमारत १८९९ मध्ये पूर्ण झाली. व्हेर्दीला मोठमोठे हॉल आणि त्यात ओळीने खाटा असलं काही नको होतं. दोघांत एक खोली हवी, कारण म्हाताऱ्या माणसाला रात्री काही झालं तर हाकेला कोणीतरी पाहिजे. सोय एकूण १०० जणांची. नावाबद्दलही तो हट्टाला पेटला, अनाथ-निराधारांना ठेवतात त्या जागेचा शब्द इथे वापरायचा नाही, राहणारे सगळे 'ओस्पिती', म्हणजे पाहुणे. आजही त्यांना पाहुणेच म्हणतात. गायक जसा पाहुणा, तसाच कोरसमधला माणूस आणि ऑर्केस्ट्रातला व्हायोलिनवालाही पाहुणा, मुख्य अट ही की माणसाने संगीतावर पोट भरलेलं असावं.

शिल्पकार ज्युलिओ मोन्तेव्हेर्देला लिहिलेल्या पत्रात व्हेर्दी म्हणतो की माझ्या सगळ्या कृतींमध्ये मला जास्त आवडते ती हे घर, ज्यांना नशिबाने साथ दिली नाही किंवा तरुणपणी पैसे साठवायचं ज्यांना जमलं नाही अशा गायकांसाठी बांधलेलं, ते बिचारे माझे आयुष्यभराचे सोबती. इमारत तयार असूनही त्याने ती उघडू दिली नाही, आपण जिवंत असताना लोक आभार मानायला येतील ते त्याला नको होतं. म्हणून घर दोन-तीन वर्षं रिकामं उभं राहिलं.

२७ जानेवारी १९०१ ला व्हेर्दी मिलानमध्ये गेला. अंत्ययात्रा साधी करा, संगीत नको, गाणं नको असं मृत्युपत्रात लिहिलेलं, तसंच केलं. पण महिनाभराने, फेब्रुवारीच्या शेवटी, त्याला आणि ज्युझेप्पिनाला शहराच्या कब्रस्तानातून या घरात आणलं, तेव्हा कंडक्टर तोस्कानिनीने ८०० हून जास्त गायकांकडून 'नाबुक्को'मधलं 'वा, पेन्सिएरो' हे कोरसचं गाणं गाऊन घेतलं आणि रस्त्यावर लाखोंनी माणसं उभी होती. दोघांची थडगी आत अंगणापलीकडच्या क्रिप्टमध्ये, म्हणजे थडग्यांच्या खोलीत, शेजारी शेजारी आहेत. बाहेर चौकात व्हेर्दीचा पुतळा आहे तो १९१३ चा.

घर चालायचं कशावर, तर रॉयल्टीवर. व्हेर्दीने आपल्या ऑपेरांची रॉयल्टी या घराच्या नावे केली, म्हणजे जगात कुठेही 'रिगोलेत्तो' किंवा 'आयदा' लागली की त्यातला हिस्सा इथल्या म्हाताऱ्यांच्या जेवणाखाण्याला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॉपीराइट संपला आणि हा झरा आटला. नंतर देणग्या, मालमत्तेचं उत्पन्न आणि पाहुण्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे दिलेला वाटा यांवर भागवलं जातं. आजवर हजारहून जास्त लोक इथे राहून गेलेत. आपल्याकडे संगीत नाटकात आयुष्य घालवलेल्या कितीतरी नटांना उतारवयात कोणाच्या तरी आधारावर राहावं लागलं, बालगंधर्वांसारख्यालाही शेवटची वर्षं हलाखीत काढावी लागली, तेव्हा हे घर किती मोठी गोष्ट आहे हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

१९९० च्या दशकाच्या शेवटापासून इथे तरुण विद्यार्थीही राहतात, मिलानच्या संगीतशाळांमध्ये शिकणारे. भाडं परवडेल असं, जेवण पाहुण्यांसोबत. ज्या माणसाने एखादी भूमिका पन्नास वेळा गायली तो टेबलाच्या पलीकडे बसलेला असतो, त्याला विचारायचं की या ओळीत श्वास कुठे घ्यायचा. पुस्तकात हे मिळत नाही. घरात रियाझाच्या खोल्या आहेत, कॉन्सर्ट हॉल आहे, पाहुण्यांपैकी कोणी शिकवतात, कोणी अजूनही गातात.

सारा स्कुदेरी (१९०६–१९८७) ही इथलीच. सिसिलीतल्या कातानियाची सोप्रानो, ला स्कालात गायलेली, पुच्चिनीच्या 'तोस्का' या ऑपेरातली नायिका तोस्का हे तिचं मोठं काम. १९८४ मध्ये स्विस दिग्दर्शक डॅनिएल श्मिडने या घरावर डॉक्युमेंटरी केली, तिचं नावच 'तोस्काचं चुंबन'. त्यात पंच्याहत्तरी ओलांडलेली स्कुदेरी घराच्या पॅसेजमध्ये, रोजच्या कपड्यांत, दुसऱ्या एका पाहुण्याला 'तोस्का'तला खलनायक स्कार्पिया करून त्याला ठार मारायचा सीन गाते. आवाज चिरकतो, पण सूर कुठे लावायचा आणि कुठे थांबायचं हे तिला अजून तसंच्या तसं माहीत असतं, आणि समोरचा माणूसही तेवढ्याच मनापासून मरतो.