सोसायटीच्या कमिटीविरुद्ध तक्रार : अर्ज कुठे करायचा, कोणते कागद लागतात आणि अर्ज परत का येतो

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका काकूंचा अर्ज सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातून, म्हणजे सोसायट्यांच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातून, परत आला. त्यांचं घर सर्वांत वरच्या मजल्यावर. गच्चीतून पाणी झिरपून छताचा गिलावा सुटलेला, पलंग दोनदा हलवलेला, कमिटीच्या विनवण्या करून दोन वर्षं गेलेली. अर्ज सहा पानी होता, सोबत फोटो. उत्तर आलं चार ओळींचं : सदर बाब या कार्यालयाच्या अधिकारकक्षेत येत नाही, सक्षम न्यायालयात दाद मागावी. काकूंना वाटलं, साहेबांनी सेक्रेटरीची बाजू घेतली. तसं नव्हतं. दुरुस्ती आणि गळतीचे वाद सहकार न्यायालयाकडे जातात, आणि अर्ज घेताना खिडकीवरच्या माणसाने हे सांगितलं नव्हतं. सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याऐवजी एका वयस्कर बाईंचा अख्खा पावसाळा गेला.

म्हणून आधी दार बघा. सहकार खात्याच्या आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायटी चालवायच्या नमुना नियमांमध्ये, शेवटाकडे तक्रारींची वाटणीच दिली आहे, पण ती पानं कुणी उघडत नाही. सेक्रेटरी कागदपत्रांच्या प्रती देत नाही, शेअर सर्टिफिकेट अडवून ठेवलंय, सभासदत्व नाकारलंय, वार्षिक सभाच घेतली नाही, हिशेब तयार नाहीत, पैशांचा अपहार झालाय, नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (घर भाड्याने दिल्यावरचा आकार) किंवा फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करतानाचं हस्तांतराचं प्रीमियम जास्त मागतात : हे सगळं उपनिबंधकांचं काम. गळती, दुरुस्ती, पार्किंगची वाटणी, कमिटीचा किंवा जनरल बॉडीचा (सर्व सभासदांच्या सभेचा) ठराव, कंत्राटदाराची नेमणूक, असमान पाणी : हे सहकार न्यायालयाचं, महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली (पुढची कलमंही याच कायद्याची). शेजाऱ्याने बाल्कनी बेकायदा वाढवली असेल तर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसातला इमारत व कारखाने विभाग. दमदाटी, मारहाण असेल तर पोलीस ठाणं. एकाच अर्जात पाणी, पार्किंग, हिशेब आणि चेअरमनची अरेरावी असं सगळं कालवू नका. चार तक्रारी असतील तर चार अर्ज करा. मिसळलेला अर्ज बाजूला सारणं कार्यालयाला फार सोपं जातं.

त्यातही उपनिबंधक कोणते? मुंबईत ही कार्यालयं महापालिकेच्या वॉर्डांप्रमाणे वाटलेली आहेत : बोरिवलीला आर-मध्य, अंधेरी पश्चिमेला के-पश्चिम. पण इमारत म्हाडाची असेल तर वांद्रे पूर्वेला गृहनिर्माण भवनातले उपनिबंधक, आणि झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेतली असेल तर त्या प्राधिकरणाचं निबंधक कार्यालय. शेअर सर्टिफिकेटच्या माथ्यावर सोसायटीचा नोंदणी क्रमांक असतो, त्यात वॉर्डाची खूण असते. तो क्रमांक अर्जाच्या पहिल्या ओळीत जसाच्या तसा उतरवा. आणि तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेटच नसून ‘डीड ऑफ अपार्टमेंट’ असेल, तर तुमची इमारत सोसायटी नाहीच. ती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येते आणि खाली लिहिलेली प्रक्रिया तिला लागू होत नाही.

अर्ज कोण करू शकतो

सभासद. घरात राहणारा नव्हे, मेंटेनन्स भरणारा नव्हे. सर्वांत जास्त अर्ज इथे अडकतात. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील जाऊन सहा वर्षं झाली, मेंटेनन्स मुलगा भरतोय, पावतीवर अजून वडिलांचंच नाव. मुलगा तक्रार करतो आणि सोसायटीचा वकील सुनावणीत एवढंच म्हणतो की अर्जदार सभासद नाही. तिथे प्रकरण संपतं. वडिलांनी तुमचं नामनिर्देशन केलं असेल तरी त्यावर आधी तात्पुरतं सभासदत्वच मिळतं. कायम सभासदत्वासाठी मृत्युपत्र, वारस प्रमाणपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा कुटुंबातल्या व्यवस्थेचा दस्त लागतो. हे काम आधी उरका. भांडण चालू असताना कमिटी तुमचं नाव चढवायला मुद्दाम वेळ लावते, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलं आहे. पण सभासदत्वाच्या अर्जावर ती गप्प बसली तर त्याचीच तक्रार उपनिबंधकांकडे होऊ शकते.

पोच : कुणाकडेच नसलेला कागद

उपनिबंधक पहिला प्रश्न विचारतात, तुम्ही संस्थेकडे लेखी मागणी केली होती का? लोक मोबाइल पुढे करतात. ग्रुपवरचे मेसेज, निळ्या खुणा, सेक्रेटरीचं ‘बघतो’ असं उत्तर. फाइलवर याचा फारसा उपयोग होत नाही. लागते ती पोच : तुमच्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का, सही आणि तारीख.

सेक्रेटरी सही देणार नाही, हे मला माहीत आहे. सोसायटी ऑफिसच्या दारात उभं राहून ‘कमिटीला विचारून सांगतो’ हे तुम्ही चार वेळा ऐकलेलं असणार. मग भांडू नका. तोच अर्ज सोसायटीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवा. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बंद पाकीट, त्यावरचा पोस्टमनचा शेरा आणि शिक्का, हाच तुमचा पुरावा. एका गृहस्थांनी आत काय आहे ते दाखवायला सुनावणीआधीच पाकीट फाडलं आणि मग आत नेमका हाच अर्ज होता कशावरून, असा वाद घालायला समोरच्याला जागा मिळाली.

मागणीत नुसतं ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ लिहू नका. कलम १५४ब-८ प्रमाणे सभासदाला उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, उत्पन्न-खर्च पत्रक, सभासद नोंदवही, जनरल बॉडीची आणि कमिटीची इतिवृत्तं आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनाशुल्क पाहता येतात, आणि शुल्क भरून त्यांच्या प्रती मिळतात. वर्ष आणि सभेची तारीख घालून मागा, शुल्क भरण्याची तयारी लिहा. शेजाऱ्याच्या थकबाकीचं खातं या यादीत नाही. ते मागितलंत की अख्खी मागणीच अवाजवी ठरवायला निमित्त मिळतं. उपविधींची प्रतही सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींचीच हवी. दुकानात मिळणारी पुस्तिका तुमच्या सोसायटीने स्वीकारलेली असेलच असं नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज थेट सोसायटीला टाकून लोक महिने घालवतात. केरळमधल्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं की सहकारी संस्था केवळ नोंदणी झाली म्हणून सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. पण उपनिबंधक कार्यालय ठरतं. तिथल्या फाइलमध्ये असलेला लेखापरीक्षण अहवाल १० रुपयांच्या अर्जावर मागता येतो. अपहाराची तक्रार असेल तर हा अहवाल आधी हातात घ्या. लेखापरीक्षकाने काढलेल्या दोषांवर कमिटीने ‘ओ’ नमुन्यातला दोष दुरुस्ती अहवाल दिला आहे का, तेही पाहा. दिला नसेल तर तुमच्या अर्जाचा तो सर्वांत बळकट परिच्छेद होतो. ‘चेअरमनने नवी गाडी घेतली’ हे वाक्य मात्र खोडून टाका.

एक पंचमांश म्हणजे किती

कलम ८३ खाली सोसायटीच्या कारभाराची चौकशी हवी असेल, किंवा कलम ७६ खाली विशेष सभा बोलवायला कमिटीला भाग पाडायचं असेल, तर एक पंचमांश सभासदांच्या सह्या लागतात. एकूण सभासदांच्या, सभेला हजर असलेल्यांच्या नव्हे. ४८ सभासद असतील तर १०. नवरा-बायकोच्या दोन सह्या म्हणजे एकच सभासद. भाडेकरूची सही धरत नाहीत. काठावरच्या १० सह्या घेऊन जाऊ नका, १४-१५ घ्या, कारण कमिटी दोघांना घरी बोलावून सही मागे घ्यायला लावते. नाव, फ्लॅट क्रमांक आणि सही शेअर सर्टिफिकेटप्रमाणे हवी. विशेष सभेची मागणी पोहोचल्यापासून कमिटीला एक महिना असतो. चौकशीच्या अर्जावर निबंधक खर्चापोटी अनामत भरायला सांगू शकतात. तक्रार बऱ्याच अंशी सिद्ध झाली तर ती परत मिळते, म्हणून घाबरून अर्ज मागे घेऊ नका.

तारखांचा घोळही नेहमीचा. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. ऑगस्टमध्ये केलेली तक्रार ‘मुदत बाकी आहे’ म्हणून परत येते, ऑक्टोबरमध्ये करा. उलट कमिटीच्या निवडणुकीला सहकार न्यायालयात आव्हान द्यायचं तर निकालापासून फक्त २ महिने मिळतात. ‘सहा वर्षांची मुदत असते’ हे कुणीतरी सांगतं, ते कमिटीने केलेल्या किंवा टाळलेल्या इतर कृत्यांच्या वादाला लागू आहे, निवडणुकीला नाही.

आणि हात जोडून एक सांगते : मेंटेनन्स थांबवू नका. राग समजतो. पण पैसे थांबले की कमिटी कलम १५४ब-२९ खाली वसुलीचा दाखला मागते, आणि मग प्रत्येक सुनावणीत तुम्ही तक्रारदार नसता, थकबाकीदार असता. चेकने भरा, सोबत हरकतीचं पत्र द्या. चेक घ्यायलाच नकार दिला तर त्याचीही तक्रार उपनिबंधकांकडे करता येते.

अर्ज तीन प्रतींत द्या, बारनिशीतून (टपाल नोंदवून घेणाऱ्या टेबलावरून) आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. सुनावणीच्या तारखेला नोकरीतून रजा काढून जा, गैरहजर राहिलात तर अर्ज निकाली निघू शकतो. आदेश विरुद्ध गेला तर विभागीय सहनिबंधकांकडे जायला २ महिने असतात, आणि ते आदेश तुम्हाला कळवल्याच्या दिवसापासून मोजतात. म्हणून आदेश ज्या पाकिटातून आला ते पाकीट, तारखेच्या शिक्क्यासकट, आदेशालाच टाचून ठेवा.