शेजारणीला घरात मारहाण होतेय? डीव्हीचा (घरगुती हिंसाचाराचा) अर्ज कुठे, कसा आणि कागद कोणते (ठाणे-नवी मुंबईसाठी)

आमच्या कोपरखैरण्याच्या बचत गटातल्या बायकांना घेऊन मी बरीच फिरलीये, म्हणून लिहितेय. पहिला गैरसमज हा की आधी एफआयआर पाहिजे मगच पुढचं. तसं काही नाहीये. घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून, आणि त्यात संरक्षण अधिकारी म्हणून महिला व बालविकास विभागाचे लोक नेमलेले असतात, त्यांच्याकडे थेट जाता येतं. कोर्टात स्वतः जाऊन किंवा वकिलातर्फेही अर्ज देता येतो.

आणि हे माहीतच नसतं लोकांना, की खबर त्रास होणाऱ्या बाईनेच द्यायला पाहिजे असं नाही. शेजारीण, शाळेतल्या बाई, सोसायटीचा वॉचमन, कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला सांगू शकतं, तोंडी सांगितलं तरी ते लिहून घेतात आणि कॉपी फुकट देतात. चांगल्या हेतूने सांगितलं असेल तर सांगणाऱ्यावर उलटी केस होत नाही, कलम ४ मध्येच आहे हे. "आपण कशाला मध्ये पडायचं" म्हणणाऱ्या काकांना हे दाखवा. पण तिला विचारल्याशिवाय काही करू नका, जीवावर बेतलं असेल तर मात्र सरळ ११२. सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१, मुलांसाठी १०९८.

कोण अर्ज करू शकतं? फक्त बायकोच नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नासारखं एकत्र राहिलेली बाई, सगळ्या. मारहाणच लागते असंही नाही, पगार काढून घेणं, टोमणे मारून जीव नकोसा करणं, घराबाहेर काढणं हेही यात येतं. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी ती जिथे संसार करत होती तिथे राहायचा हक्क मागता येतो.

कुठे? ती सध्या जिथे राहते तिथलं कोर्ट, तात्पुरती राहत असली तरी चालतं. म्हणजे सासर कल्याणला आणि ती माहेरी कळव्याला आली असेल तर ठाण्यात अर्ज होतो. ऐरोली ते बेलापूर असेल तर बेलापूर कोर्ट. पण खारघर, कामोठे, कळंबोलीवाल्यांनो, तुमचे पोलीस नवी मुंबईचे असले तरी जिल्हा रायगड, त्यामुळे कोर्ट पनवेल आणि संरक्षण अधिकारीही रायगडचे, यात आमचा एक अख्खा दिवस गेलाय.

आता कागद. आधार, लग्नाचा दाखला किंवा लग्नाचे फोटो, मुलांचे जन्मदाखले, राहत्या पत्त्याचा काहीतरी पुरावा, हॉस्पिटलचा केसपेपर, मेसेजचे स्क्रीनशॉट, स्त्रीधनाची यादी (मंगळसूत्र, भांडी, माहेरचा फ्रीज, सगळं लिहा), नवऱ्याच्या पगाराची स्लिप मिळाली तर उत्तमच. सगळं नसलं तरी अर्ज थांबत नाही. आमच्यातल्या एकीने सगळ्या झेरॉक्स तांदळाच्या डब्यात, तळाशी, दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवल्या होत्या, निघताना फक्त तो डबा आणि मुलीचं दप्तर घेतलं. ते जमत नसेल तर एक सेट शेजारणीकडे ठेवू द्या आणि फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर.

मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखाना. तक्रार नोंदवली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. आम्हाला एका ठिकाणी "आधी पोलिसांचा कागद आणा" म्हणाले होते, पोरगी डोळा सुजलेला घेऊन बाकावर बसलेली, मग मोठ्याने बोलावं लागलं. केसपेपरवर कुणी मारलं ते लिहून घ्या, "पडली" असं लिहू देऊ नका.

संरक्षण अधिकारी डीआयआर म्हणजे घटनेचा अहवाल भरून कोर्टाला पाठवतात, तिला हवं असेल तर अर्जही करून देतात. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट, बाईला उत्पन्नाची अट नाही, नंबर १५१००. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून पहिल्याच दिवशी अंतरिम (निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता) आदेश मागा: मारहाण बंद, घराबाहेर काढू नये, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आदेशाची कॉपी फुकट मिळते, एक जवळच्या चौकीत दाखवून ठेवा.

राहायची सोय नसेल तर सखी केंद्रात (त्रासातल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) काही दिवस राहता येतं, मुलगे सोबत असतील तर वयाची मर्यादा आधी फोनवर विचारा, नाहीतर दारात गेल्यावर आई एकीकडे पोरगा दुसरीकडे. शाळेचं म्हणाल तर पहिली ते आठवीत शाळा सोडल्याचा दाखला उशिरा येतोय म्हणून नवीन शाळेला प्रवेश अडवता येत नाही. आणि तारखेच्या दिवशी मुलं कुणाकडे राहणार ते आदल्या रात्रीच ठरवा, आमच्याकडे खालच्या इस्त्रीवाल्या मावशी सांभाळतात, डबा आम्ही देतो.