विटाफोड खेळ

विटाफोड खेळ : पडद्याच्या वरच्या भागात विटांची भिंत, तळाशी डावी-उजवीकडे सरकणारी फळी आणि मध्ये उसळ्या घेणारा चेंडू, एवढ्याच सामानावर चालणारा संगणकीय खेळ. चेंडू आदळला की वीट नाहीशी होते. फळीला हुकून तो खाली गेला की एक संधी जाते. ठोकळे रचणे, सुरुंग हुडकणे, पत्ते लावणे या कोड्यांच्या खेळांबरोबर हाही विरंगुळ्याच्या खेळांत धरला जातो. शिकायला मिनिटभर पुरते आणि डाव अर्ध्यात सुटला तरी फारसे बिघडत नाही. मराठवाड्यात यातला दुसरा गुण जास्त कामी आला, कारण तिथे डाव सोडायचा केव्हा हे बऱ्याचदा वीज ठरवत असे.

या प्रकाराचा मूळपुरुष म्हणजे अटारी कंपनीचा ‘ब्रेकआउट’ (१९७६). याच कंपनीचा ‘पाँग’ (१९७२) दोघांनी खेळायचा टेनिससारखा खेळ होता. भिंतीवर चेंडू मारत एकट्यानेच खेळता येईल असे काही करावे, ही कल्पना अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि तिथलेच अभियंते स्टीव्ह ब्रिस्टो यांची. नमुना बनवण्याचे काम तेव्हा अटारीत असलेल्या स्टीव्ह जॉब्झकडे आले आणि त्याने ते मित्र स्टीव्ह वॉझ्नियाककडून चार दिवसांत करून घेतले. चिप जितक्या कमी लागतील तितका बोनस जास्त, अशी अट होती. वॉझ्नियाकच्या हाती ३५० डॉलर पडले. बोनसची गोष्ट त्याला पुष्कळ वर्षांनी कळली. त्याची मांडणी इतकी आटोपशीर होती की अटारीला ती कारखान्यात वापरता आली नाही आणि यंत्र नव्याने जुळवावे लागले. पुढे या दोघांच्या अॅपल कंपनीच्या अॅपल-२ (१९७७) या संगणकात रंग, आवाज आणि फळी सरकवायला फिरवायची खुंटी आली, त्यामागे हाच खेळ त्यावर खेळता यावा ही वॉझ्नियाकची हौस होती.

मूळ यंत्राचा पडदा कृष्णधवल होता. विटा रंगीत दिसाव्यात म्हणून काचेवर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावलेल्या असत. आठ ओळी, ओळीत चौदा विटा. खालून वर पिवळ्या, हिरव्या, नारिंगी, लाल विटांना अनुक्रमे १, ३, ५ आणि ७ गुण. म्हणजे एका भिंतीचे ४४८ गुण होतात आणि अशा दोन भिंती पाडल्या की खेळ संपतो. चेंडू लाल ओळ भेदून छताला लागला की फळी निम्मी होते. खरी मजा मात्र कडेला बोगदा पाडण्यात आहे. एका बाजूच्या विटा फोडून चेंडू भिंतीच्या मागे घातला, की तो छत आणि विटा यांच्यामध्ये आपोआप तडतडत राहतो आणि खेळणारा हात बांधून पाहत बसतो.

कॅरमची सवय असलेला हात इथे सुरुवातीला फसतो. कॅरममध्ये सोंगटी कडेवर ज्या कोनात लागते, साधारण त्याच कोनात परतते. विटाफोड खेळांत बहुतेक वेळा फळीच्या कोणत्या भागावर चेंडू पडला यावर त्याची दिशा ठरते : मधोमध पडला तर उभा, टोकाला पडला तर तिरपा. म्हणजे नेम विटेवर धरायचा नसून आपल्याच फळीवर धरायचा असतो. टाइटो कंपनीच्या ‘अर्कनॉइड’ने (१९८६) यात फुटलेल्या विटेतून पडणाऱ्या गोळ्यांची भर घातली. एकीने फळी लांबते, दुसरीने चेंडूचे तीन होतात. १९९६ मधील ‘डीएक्स-बॉल’ हा त्याच वळणाचा, विंडोजवर चालणारा खेळ.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हे खेळ मुख्यतः संगणकाच्या क्लासमधून शिरले. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले. पुढे त्याच्या एमएस-सीआयटी या संगणकाच्या प्राथमिक अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र सरकारी नोकरीसाठी लागू लागले आणि तालुक्याच्या गावीही क्लास निघाले. चपला बाहेर काढून आत जायचे, एका संगणकावर दोघे-तिघे बसायचे. टायपिंगचा सराव आटोपला की उरलेली दहा मिनिटे गेमची. एकाच्या हातात माउस आणि मागून सूचना : ‘सरक की, बॉल खाली चाललाय!’ लोडशेडिंगच्या त्या वर्षांत लाइट गेली की यूपीएस टूं-टूं करू लागे आणि सर ‘शटडाउन करा’ म्हणेपर्यंत जेवढ्या विटा फुटतील तेवढ्या आपल्या. लांबलचक गोष्टीचे, सेव्ह करत पुढे न्यायचे खेळ अशा विजेत टिकणे अवघड होते. विटाफोड टिकला. त्याला इंग्रजीची गरज नव्हती, हेही एक कारण.

विंडोजसोबत आलेल्या कोड्यांना स्थानिक नावे पडली. ‘माइनस्वीपर’ म्हणजे बॉम्बचा गेम, ‘सॉलिटेअर’ म्हणजे पत्ते. सॉलिटेअर १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर आला; पत्ता माउसने उचलून दुसरीकडे ठेवण्याचा सराव त्याने आयताच होई. बदामसात खेळलेल्याला त्यातली चढती रांग लगेच उमगते, फक्त इथे एक्क्यापासून सुरुवात. बॉम्बच्या गेममध्ये आकड्यांचा अर्थ न कळता अंदाजाने क्लिक करणारेच जास्त. आकडा म्हणजे भोवतालच्या आठ घरांतील सुरुंगांची संख्या, हे समजले की खेळ पार बदलतो. तज्ज्ञ पातळीवर १६ × ३० घरांत ९९ सुरुंग असतात, आणि तिथे तर्क थकून शेवटी नशिबावर क्लिक करायची पाळीही येते.

‘ब्रिक गेम’ या नावाने मात्र गोंधळ केला आहे. परभणीचा उरूस, माळेगावची यात्रा अशा ठिकाणच्या खेळण्यांच्या दुकानांत मिळणारे, दोन पेन्सिल सेलवर चालणारे हातातले यंत्र या नावाने ओळखले जाते. पण त्यातला मुख्य खेळ विटा फोडण्याचा नसून रचण्याचा, म्हणजे टेट्रिसचा आहे. टेट्रिस अलेक्सी पाजितनोव्ह यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत तयार केला; चार चौकोनांपासून बनणारे सात ठोकळे, ओळ भरली की ती गायब. यंत्राच्या पडद्यावर १० × २० काळे चौकोन, त्यांतूनच गाडी, साप, रणगाडा आणि एक ओबडधोबड विटाफोडही. वेष्टनावर ‘९९९९ इन १’ छापलेले असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ. वेग आणि पातळी बदलून त्यांचीच संख्या फुगवलेली. फसवणूकच म्हणायची, पण ते यंत्र परत करायला कुणी गेल्याचे ऐकिवात नाही.

२०१२ च्या विंडोज ८ मधून जुने पत्ते आणि सुरुंग वगळले गेले. २०२० अखेर अॅडोबी कंपनीने ब्राउझरमध्ये खेळ चालवणाऱ्या आपल्या फ्लॅश या सॉफ्टवेअरला विराम दिल्यावर नेट कॅफेत ब्राउझरवर चालणारे असंख्य छोटे खेळही बंद पडले. तोवर खेळ मोबाइलवर गेलाच होता. टचस्क्रीनवर विटाफोड खेळणे हे माउसपेक्षा निश्चितच कमअस्सल : फळी बोटाखाली झाकते आणि चेंडू नेमका तिथेच येतो. म्हणून नव्या खेळांपैकी पुष्कळांत फळीच नसते. बोटाने दिशा दाखवायची आणि चेंडूंची रांग सोडून द्यायची. दर डावानंतर जाहिरात येते. लातूर-नांदेड एसटीत बसलेले पोरगे त्यावर इलाज म्हणून आधी डेटा बंद करते, मग गेम उघडते.