व्हिक्टोरिया सरोवर : पाच इंचांच्या आसाचं भांडण

व्हिक्टोरिया सरोवरातल्या बेकायदा मासेमारीची बातमी आली की जप्त जाळ्यांचे ढीग आणि जाळलेल्या होड्या दिसतात. भांडण मात्र शंभरीला टेकलेलं आहे, आणि ते आहे जाळ्याच्या भोकावरून. आपले कोळी त्याला आस म्हणतात.

सरोवर कसलं, गोड्या पाण्याचा समुद्रच. 68,800 चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून मोठं. टांझानिया, युगांडा आणि केनियात वाटलेलं. 1901 मध्ये मोंबासा बंदरातून निघालेली रेल्वे सरोवराच्या किनाऱ्याला टेकली आणि मासळीला दूरची गिऱ्हाइकं मिळाली. 1905 च्या सुमारास युरोपातली तयार जाळी आली. त्यात मुख्यतः सापडायचा न्गेगे, आपल्या चिलापीचा तिकडचा भाऊबंद. तो झपाट्याने घटला, तेव्हा ब्रिटिशांनी 1927-28 मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ मायकेल ग्रॅहॅम यांच्याकडून पाहणी करून घेतली. पाच इंचांहून लहान आस नको, असं त्यांनी सांगितलं. तसा नियमही झाला.

पण मोठा मासा उरला नाही की पाच इंची जाळं रिकामं निघतं आणि त्याहून बारीक जाळ्यात निदान कालवणापुरतं मिळतं. चोरून बारीक जाळी लागायचीच. शेवटी 1950 च्या दशकात युगांडा आणि टांगानिकाने (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) नियमच काढून टाकला, केनियाने 1961 मध्ये. न्गेगे संपल्यात जमा झाला.

त्याच सुमारास सरोवरात नाईल पर्च सोडला गेला. हा आपल्या जिताड्याच्याच कुळातला, पण दीड-दोन मीटरपर्यंत वाढणारा. 1980 च्या दशकात तो असा माजला की सरोवरातल्या चिमुकल्या सिक्लिड माशांच्या शेकडो जाती दिसेनाशा झाल्या. दोष एकट्या पर्चचा नाही, पाणीही बिघडत होतंच. पूर्वीचे बारीक मासे उन्हात वाळायचे. पर्च तेलकट, त्याला धुरी द्यावी लागते, त्यामुळे किनाऱ्यावरची झाडंही तुटली. कारखाने निघाले, मांस युरोपला जाऊ लागलं आणि केनियाच्या बाजारात तळलेले सांगाडे विकायला आले. त्यांचं नाव ‘म्गोंगो वाझी’, म्हणजे उघडी पाठ.

पैसा आला तशी माणसं आणि होड्या वाढल्या. कुणी पाण्यात कीटकनाशक ओतून मासे मारले. 1999 मध्ये युरोपीय संघाने आयात थांबवली ती त्याच भीतीने. पुढे चीनमध्ये पर्चच्या फुग्याला, म्हणजे त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला, मोठा भाव आला. फुगा मोठा तर भाव मोठा, त्यामुळे जी जुनी मादी सर्वांत जास्त अंडी घालते तीच जाळ्यात हवीशी झाली.

नियम मात्र असा केलेला होता: 50 सेंटिमीटरहून लहान आणि 85 हून मोठा पर्च घ्यायचा नाही. युगांडाने तर 2017 मध्ये सरोवरावर लष्कर आणलं. सैनिकांनी जाळी, होड्या जाळल्या. मारहाणीच्या तक्रारीही झाल्या. कागदावर मोजपट्टीचा नियम सरळ दिसतो, पण गिलनेट रात्रभर पाण्यात असतं आणि मासा कल्ल्यांनी अडकतो. पहाटे चाळीस सेंटिमीटरचा पर्च होडीत येतो तेव्हा बहुतेकदा तो मेलेलाच असतो. परत पाण्यात टाकला तरी तरंगत राहतो.